समाविष्ट गावातून अपक्ष उभी आहे. इमारती, टँकर आणि गावपण: माझी मतं वाचा आणि झोडपा

नदीकाठची (धागाकर्ती)

एरवी मी इथे बागकाम आणि लोणच्यांच्या धाग्यांवर सापडते. राजकारणाच्या धाग्यात डोकवायचं नाही असा नियमच होता माझा. पण १५ जानेवारी २०२६ ला पुणे महापालिकेचं मतदान आहे आणि मी अपक्ष अर्ज भरला आहे. गावाचं नाव, प्रभागाचा नंबर, चिन्ह यातलं काही इथे लिहिणार नाही. त्यासाठी दारोदार फिरतेच आहे. हडपसरच्या पुढचं, मुळा-मुठेच्या अंगाचं, ३० जून २०२१ च्या आदेशाने पालिकेत गेलेल्या २३ गावांपैकी एक, एवढी ओळख पुरे.

धागा काढायचं कारण असं की इथले कितीतरी जण वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, उंड्री अशा गावांत फ्लॅट घेऊन राहतात. प्रचारात लोक चहा देतात, मान डोलावतात आणि दार लावून घेतात. तुम्ही लोक फाडून खाता. मला सध्या दुसरं जास्त उपयोगाचं आहे.

पुण्याबाहेरच्यांसाठी थोडं मागचं सांगते. २०२१ ला गावं आत घेतली आणि पुणे महापालिका क्षेत्रफळात मुंबईच्याही पुढे गेली. त्याच दिवशी आमची ग्रामपंचायत संपली. पुढच्या मार्चमध्ये, २०२२ ला, पालिकेतल्या नगरसेवकांचीही मुदत संपली आणि प्रशासक आले. आरक्षण, प्रभागरचना, कोर्ट असं करत निवडणूक लांबत गेली, शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घ्याच म्हणून सांगितलं. म्हणजे सरपंच गेला आणि नगरसेवक आलाच नाही. पाणी आलं नाही म्हणून ओरडायचं तर कुणाच्या दारात, हेच इतकी वर्षं आम्हाला ठरवता आलेलं नाही.

त्यात आणखी एक गंमत. या २३ गावांचा विकास आराखडा आणि बांधकाम परवानगी जुलै २०२१ मध्ये पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) दिली गेली. रस्ता, कचरा, ड्रेनेज, पाणी मात्र पालिकेकडे. इमारतीला हो एकाने म्हणायचं आणि तिच्या नळाला पाणी दुसऱ्याने आणायचं. पीएमआरडीएचा तो प्रारूप आराखडाही २०२५ मध्ये रद्द झाला. इमारती तोवर उभ्या राहून गेल्या.

आता माझी मतं.

मी वाढीच्या विरोधात नाही. आमच्याच भावकीने जमिनी विकल्यात, त्या पैशांतून बंगले बांधलेत, गाड्या घेतल्यात, आणि आता टॉवर आले म्हणून गळा काढायचा हा दुटप्पीपणा मला जमणार नाही. लोक पुण्यात येणार, त्यांना घरं लागणार. माझं भांडण क्रमाशी आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला सकाळी साडेसहापासून टँकर लागतात. एक पाइप सोडतो, दुसरा मागे रिव्हर्सचा आवाज करत उभा असतो, त्याच्या मागे शाळेची बस. सांडलेल्या पाण्याने रस्ता कायम ओला, म्हणून तिथलं डांबर टिकत नाही. टँकर कुठे भरतो? शेजारच्याच शिवारातल्या बोअरला. म्हणजे ज्या इमारतीत टँकर येतो तिच्याच पायाखालचं पाणी तिला विकत मिळतंय.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली तरी साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातच पुणे शहर आणि त्यातच दौंड-इंदापूरपर्यंतची शेती. पालिकेचं पाणी येईपर्यंत आम्ही पुरवू, असं हमीपत्र देऊन बिल्डर मोकळा होतो. सोसायटी ताब्यात दिली की टँकरचं बिल रहिवाशांच्या मेंटेनन्समध्ये, आणि हमीपत्र कुठल्या फाइलीत आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून माझी पहिली मागणी: पाण्याची लाइन गेटपर्यंत आल्याशिवाय भोगवटा पत्र (इमारतीत राहायला जायची परवानगी) द्यायचं नाही. आणि तोवर प्रत्येक प्रकल्पाचं हमीपत्र क्षेत्रीय कार्यालयाच्या भिंतीवर लावायचं, सगळ्यांना वाचता येईल असं.

नगरसेविकेच्या हातात परवानगी नसते, हे मला माहीत आहे. मुख्य सभेत प्रश्न विचारणं, प्रभाग समितीत बसणं, अंदाजपत्रकात तरतूद मागणं आणि 'स' यादीतली, म्हणजे नगरसेवकांच्या वाट्याच्या निधीतली, कामं सुचवणं, एवढंच असतं. त्या 'स' यादीतून आजवर काय झालं ते शहरभर दिसतं: कमानी, बाकडी, बाकड्यांवर नावं. मी बाकडी टाकणार नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या सोसायटीत एक आजोबा गेले. मुलगा परदेशात, घरात सून एकटी. त्यांना इथून पार शहरातल्या वैकुंठ स्मशानभूमीत न्यायचं ठरत होतं, कारण गावाला नदीकाठी स्वतःची स्मशानभूमी आहे हे त्या इमारतीत एकालाही माहीत नव्हतं. वॉचमन आमच्या गल्लीतला. त्याने येऊन सांगितलं तेव्हा तालमीतली पोरं सामान घेऊन गेली, तिरडी त्यांनीच बांधली. दहाव्याला घाटावर ती सून मला म्हणाली, 'काकू, मी इथे आठ वर्षं राहतेय, ही वाट कधी पाहिलीच नव्हती.'

गाव ग्रामपंचायतीत होतं तेव्हा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा व्हायची. गोंधळ असायचा, कोरमची बोंब असायची, पण कुणीही उठून सरपंचाला हिशेब विचारू शकायचं. पालिकेत गेलो आणि तेही गेलं. सोसायटीवाल्यांची सभा म्हणजे पार्किंग आणि मेंटेनन्स. ती भिंतीच्या आत संपते. महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ पासून शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद आहे, नगरसेवकाने मतदारांसोबत बसायचं. कायद्यातच राहिली. निवडून आले किंवा पडले तरी फेब्रुवारीत पहिली सभा शाळेच्या पटांगणात घेणार आहे, गावठाण आणि सोसायट्या एकत्र. कायदेशीर क्षेत्रसभा नसेल ती, पण बसू तर.

बोला आता.

चौथा_मजला

ताई, अर्ज भरल्याबद्दल अभिनंदन. मीही अशाच एका गावात. टँकरचा परिच्छेद वाचून आमच्याच गेटवर उभं राहून लिहिलाय असं वाटलं. उन्हाळ्यात आमचं टँकरचं बिल लिफ्ट, सिक्युरिटी आणि लाइट या तिन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त येतं.

पण कराचं काय? मिळकतकराबद्दल एक शब्द नाही तुमच्या लेखात. मतं मागणाऱ्याने आधी तिथे बोलावं.

नदीकाठची (धागाकर्ती)

बरोबर धरलंत. कर भरायचा, हे माझं मत. पण सेवा मिळेल त्या प्रमाणात, टप्प्याटप्प्याने. फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ ला पालिकेत आली, कर वाढला, सोयी आल्या नाहीत म्हणून ओरड झाली आणि शेवटी ती बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं ज्या गावांनी सोसला त्यांच्यावर ही वेळ आली. आमच्या गावातही 'आपणही बाहेर पडू' म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. बाहेर पडून धरण थोडंच बरोबर नेता येतं?

'करमाफी देतो' असं जो उमेदवार म्हणेल त्याला विचारा, मग ड्रेनेज कशातून करणार.

झेंडूची_शेती

मी गावचाच. सोसायटीवाल्यांचं रडगाणं इथे रोज वाचतो म्हणून लिहितो. तुमच्या पाण्याची, तुमच्या रस्त्याची चर्चा झाली. रस्ता कुठून जाणार? आमच्या दीड एकरातून. नकाशावर चोवीस मीटरचा डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता काढला आहे, आमची विहीर आणि गोठा त्यात जातो. रोख मोबदला मागितला की टीडीआर (जागेच्या बदल्यात विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या म्हणतात. टीडीआरचा कागद बाजारात विकायचा म्हणजे पुन्हा बिल्डरच्याच दारात. तो म्हणेल तो भाव. जागा देत नाही म्हणून रस्ता अडला, मग फ्लॅटवाले समाजमाध्यमांवर आम्हाला 'विकासाचे शत्रू' म्हणतात.

काकू, तुमच्या पटांगणातल्या सभेत मी येईन, पण हे आधी बोलायला लागेल.

पूर्व_पुणेकर

@झेंडूची_शेती, तुमच्या बाजूलाच मगरपट्टा आहे की. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेच्या वर एकर जमीन एकत्र केली, विकून मोकळे न होता कंपनीत भागीदार राहिले. उसाच्या जागी आयटी पार्क, शाळा, दवाखाना, बाग. भाड्याचं उत्पन्न अजून त्यांच्या घरात येतं. त्यांच्याच धर्तीवर सिंहगड रस्त्याला नांदेड सिटी झाली, सातशे एकरांवर. शेतकऱ्याने ठरवलं तर टीडीआरच्या कागदापेक्षा चांगलं काही होतं, याचा पुरावा डोळ्यांसमोर आहे.

धागाकर्तीने याबद्दल काही लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

झेंडूची_शेती

मगरांचं एक आडनाव, एक भावकी, सलग शिवार, आणि पुढे चालणारा एक माणूस सगळ्यांना मान्य. आमच्याकडे सातबाऱ्यावर चौदा नावं आणि त्यातली तीन एकमेकांवर कोर्टात. आणि नव्वदच्या दशकातला जमिनीचा भाव आता आणा.

नदीकाठची (धागाकर्ती)

मगरपट्ट्याबद्दल मला आदरच आहे. तरी दोन गोष्टी. एक, शासनाच्या धोरणाप्रमाणे एकात्मिक नगर वसाहत म्हणायला किमान १०० एकर लागतात, आणि पाणी, रस्ते, सांडपाणी, शाळा ही सगळी जबाबदारी विकासकाची. आमच्याकडे जाहिरातीत ज्याला टाउनशिप म्हणतात ते म्हणजे सात-आठ एकरांवर सहा टॉवर आणि एक पोहण्याचा तलाव. त्याला यातलं काहीही लागू नाही.

दुसरी. मोठी वसाहत आत कितीही छान झाली तरी भिंतीबाहेर गाव उरतंच. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली ती नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात, सगळी समाविष्ट गावं. तिथे विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता नुसतं क्लोरीन घालून घरोघर जात होतं. धरण तिथून दिसतं हो! धरणाच्या पायथ्याशी राहून विहिरीचं कच्चं पाणी प्यायचं, यापेक्षा नेमकं आमच्या वाढीचं वर्णन मला जमत नाही.

जमिनीचं म्हणाल तर झेंडूदादा, मी तुमच्या बाजूने आहे. रस्त्यासाठी जागा घ्यायची तर अंदाजपत्रकात भूसंपादनाला रोख पैसे ठेवा. पूल आणि उड्डाणपुलांना पैसे निघतात, मग गोठ्याला का नाही? सभेत पहिला विषय तुमचा.

खडूस_वाचक

छान लिहिलंय. शाळेच्या पटांगणातली सभा वगैरे वाचून डोळे पाणावले. आता व्यवहाराचं बोलू. १६५ जणांच्या सभागृहात एक अपक्ष बाई. चार जणांच्या प्रभागात उरलेले तिघे एका पॅनेलचे. 'स' यादीही सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर. सहा महिन्यांत तुम्ही कुठल्यातरी पक्षाच्या फोटोत दिसणार, ही माझी भविष्यवाणी. तारीख लिहून ठेवतो.

नदीकाठची (धागाकर्ती)

ठेवा लिहून. सासूबाईही हेच म्हणाल्या, फक्त तुमच्यापेक्षा कमी शब्दांत.

जलपर्णी

नदीबद्दल कुणीच का बोलत नाहीये? आयडीत नदी असलेल्या बाईंनीही नाही!

फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर-खराडीच्या आकाशात डासांचा भोवरा उठलेला व्हिडिओ देशभर फिरला होता, आठवतो का? आम्ही तो बाल्कनीतून पाहिला. नदीवर जलपर्णीची हिरवी सतरंजी, खाली अख्ख्या शहराचं सांडपाणी. आठवडाभर दारं-खिडक्या लावून बसलो होतो. मुलांना खाली सोडलं नाही. जपानच्या कर्जातून ११ मैलापाणी केंद्रं, ३९६ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर), हे २०१६ पासून ऐकतोय. जुन्या शहराचं शुद्ध होईल तेव्हा होईल. आमच्या गावांचं सांडपाणी ओढ्यातून थेट खाली जातंच आहे.

आणि प्रत्येक सोसायटीत एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) असतो बरं का. कागदावर. आमचा रात्री बंद असतो, कारण मोटारीचं लाइटबिल. हे लिहिताना आमच्या कमिटीतले लोक वाचतायत हे मला माहीत आहे. वाचा.

चौथा_मजला

@जलपर्णी, आमचाही. पण आम्ही चालू केला गेल्या वर्षी. फ्लशला आणि बागेला तेच पाणी वापरतो, रोजचे टँकर निम्म्यावर आले. सुरुवातीला वास येतो म्हणून बायकांनी (आणि बापयांनीही) आरडाओरडा केला. चांगला ऑपरेटर ठेवला, वास गेला. बिल्डरने दिलेला ऑपरेटर म्हणजे त्याचा गावाकडचा भाचा होता, त्याला एसटीपी आणि पाण्याची टाकी यातला फरक आम्हीच शिकवला.

नदीकाठची (धागाकर्ती)

चौथा मजला, हे सविस्तर लिहाल का, वेगळा धागा काढून? खर्च, कंत्राट, सगळं. मी छापून प्रत्येक गेटवर देते, तुमचं नाव न घालता.

जलपर्णी, नदीवर मुद्दाम लिहिलं नाही, कारण तिथे एका नगरसेविकेने काही होत नाही आणि खोटं आश्वासन देववत नाही. प्रभागातले एसटीपी चालू आहेत की नाहीत एवढं मात्र दर महिन्याला पाहता येतं, पदाशिवायही.

भाडेकरू_दोन_खोल्या

मी या धाग्यात लिहू का नको असं झालं होतं. आम्ही लातूरचे. मी त्याच टॉवरमध्ये तीन घरी स्वयंपाक करते, मालक लिफ्ट दुरुस्तीला आहेत. राहतो गुंठेवारीत, म्हणजे गुंठा-गुंठा पाडून विकलेल्या जागेवरच्या विनापरवाना घरांत, अर्ध्या गुंठ्यावर चार मजले चढवलेत, प्रत्येक मजल्यावर चार खोल्या, एक बोअर. आम्हाला टँकर परवडत नाही. बोअर आटला की हंडे घेऊन टॉवरच्या मागच्या गेटला जातो, वॉचमन ओळखीचा असला तर नळ सोडतो.

गावकरी म्हणजे मूळचे. सोसायटीवाले म्हणजे फ्लॅटवाले. आम्ही कोण? मतदान आमचं अजून गावाकडेच आहे. काकू, तुमच्या सभेला आम्ही यायचं का?

नदीकाठची (धागाकर्ती)

यायचं. पुढच्या रांगेत बसायचं. मतदार नाही म्हणून कुणी हटकलं तर माझं नाव सांगा.

तुमच्या प्रश्नाने माझ्याही लेखातली भाषा उघडी पडली, गावठाण आणि सोसायट्या एवढंच म्हणत होते मी. पत्रकात आज तिसरं नाव घातलं: वाड्या आणि गुंठेवारी. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ चा आहे, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात बसतात. पण नियमित होणार मालकाचं घर. भाडेकरूला पाण्याचा नळ मिळेल याची सोय त्यात नाही. मी सार्वजनिक नळकोंडाळं मागणार आहे. टॉवरच्या जमान्यात नळकोंडाळं म्हणून काल एका सभेत हशा झाला, होऊ दे.

वेस्टविंडसरची_वैशाखी

न्यू जर्सीहून लिहितेय. आमच्या वेस्ट विंडसरमध्ये शेतांची घरं झालेली मीही पाहिली, तो भाग तुमच्यासारखाच. फरक इतकाच की इथे मोठा प्रकल्प आला की प्लॅनिंग बोर्डाची जाहीर सुनावणी होते. २०० फुटांच्या आत ज्यांची मालमत्ता आहे त्यांना अर्जदाराने नोटीस पाठवायची असते, कायदाच आहे. संध्याकाळची सभा, कुणीही उठून माइकवर बोलायचं, वाहतूक तज्ज्ञाला उलट प्रश्न विचारायचे. आपली मराठी मंडळीही जातात, विशेषतः गोदामांचे प्रकल्प यायला लागल्यापासून. पुण्यात निदान असं का नसावं?

पण भाडेकरूताईंचा प्रतिसाद वाचून एक लिहावंसं वाटलं. त्याच माइकवरून लोक स्वस्त घरांना विरोधही करतात. शाळांवर ताण येईल, गर्दी होईल, 'आपल्या गावाचं वळण' बिघडेल. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाला १९७५ च्या माउंट लॉरेल खटल्यात सांगावं लागलं की गावाने नियम असे करू नयेत की गरिबांना तिथे राहताच येणार नाही. आणि तरी भांडणं चालूच आहेत. विरोध करणाऱ्यांत आपलेही लोक असतात, ज्यांचं स्वतःचं घर पंधरा वर्षांपूर्वी कुणाच्यातरी शेतावर झालं.

पूर्व_पुणेकर

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ताई, 'पाणी आल्याशिवाय भोगवटा नाही' हे ऐकायला गोड, पण त्याने घरं कमी होतील, किमती चढतील, आणि ज्यांनी कर्ज काढून बुकिंग केलंय ते भाडं आणि हप्ता दोन्ही भरत बसतील. बाणेर-बालेवाडीला २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने पाण्यावरूनच नव्या परवानग्या रोखल्या होत्या. त्या काळात अडकलेले लोक मला माहीत आहेत.

नदीकाठची (धागाकर्ती)

याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. ज्यांनी बुकिंग केलंय त्यांच्या प्रकल्पांना हे लावू नये, नव्या परवानग्यांपासून लावावं. घरं महाग होतील, हो, थोडी होतील. पण आज घर 'स्वस्त' दिसतं ते पाण्याचा खर्च करारनाम्यात नसतो म्हणून. तो नंतर दर महिन्याला मेंटेनन्समधून जातो आणि वीस वर्षं जात राहतो. ४ हजार चौरस मीटरच्या वरच्या भूखंडावर २० टक्के छोटी घरं ठेवायचा नियम आहेच, ती घरं खरंच कुणाला मिळतात यावर लक्ष ठेवलं तर भाडेकरूताईंसारख्यांचा काही मार्ग निघेल. निघेलच असं म्हणत नाही.

वैशाखी, सुनावणीचा मुद्दा मी उचलते आहे.

पहाटेची_झोप

सगळे इतके गोड बोलताय म्हणून मी कडू बोलतो. 'गावपण' म्हणजे काय, ते आमच्या बिल्डिंगच्या मागे राहून सांगा. कार्तिकात महिनाभर पहाटे पाचला काकडा, भोंग्यावर. जत्रेत रात्री एकपर्यंत डीजे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, नियम देशभर एक आहे. तक्रार केली तर दुसऱ्या दिवशी गेटवर दहा जण विचारायला आले, 'कोण तो?'. उमेदवार म्हणून तुमची भूमिका काय, हो की नाही मध्ये सांगा.

नदीकाठची (धागाकर्ती)

हो. भोंगा बंद. काकडा नाही, भोंगा. काकडा शेकडो वर्षं भोंग्याशिवायच होत होता. हे मी देवळात बोलले आहे, आणि माझे चुलत सासरे त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांची मतं गेली. डीजेचंही तेच. आणि दहा जण गेटवर पाठवणं ही दादागिरी आहे, त्याला परंपरा म्हणू नका हे पोरांनाही सांगितलं.

झेंडूची_शेती

काकडा सहाला सुरू करायचा ठरलाय औंदा. भोंगा आतल्या बाजूला वळवलाय, पूर्ण बंद नाही. @पहाटेची_झोप, एक दिवस सहाला या खाली. खिचडी असते.

पहाटेची_झोप

सहाला मी उठतोच. बघू.

संपादक मंडळ

धाग्यात उमेदवाराचं नाव, पक्ष, चिन्ह किंवा प्रभाग येत नाही तोवर धागा चालू ठेवत आहोत. मधले दोन प्रतिसाद त्याच कारणाने उडवले आहेत. जातीवरून केलेला एक प्रतिसादही उडवला असून त्या सदस्याला ताकीद दिली आहे.

खडूस_वाचक

उडवलेल्या दोनपैकी एक माझा होता. मी फक्त चिन्हाचा अंदाज केला होता.

असो. एक कामाचा प्रश्न. आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना वाटतं की एकच बटण दाबायचं. चार जागा म्हणजे नक्की काय करायचं? आणि अपक्षाला एक दिलं तर बाकीची तीन वाया जातात का?

नदीकाठची (धागाकर्ती)

वाया जात नाहीत. अ, ब, क, ड अशा चार जागा असतात, प्रत्येकीची उमेदवारांची यादी वेगळी. प्रत्येक जागेसाठी एक, अशी चार मतं द्यायची. चारही वेगवेगळ्या पक्षांना दिलीत तरी चालतं, पॅनेल घ्यायची सक्ती नाही. एखाद्या जागेला कुणीच नको असेल तर तिथलं 'वरीलपैकी कोणी नाही' (नोटा) हे बटण दाबा, पण ती जागा सोडून निघू नका. चारही झाल्याशिवाय मत पूर्ण होत नाही आणि मागची रांग खोळंबते.

यादीत नाव आजच बघून ठेवा. एकाच घरातली माणसं दोन केंद्रांवर गेलेली मी याद्यांमध्ये पाहिली आहेत. केंद्र तुमच्या गेटजवळचं असेल असं धरून चालू नका.

खडूस_वाचक

पाहिलं. मी शाळेत, बायको समाजमंदिरात. समाजमंदिर कुठे आलं तुमच्या त्या गावात? म्हणजे, गाव मी ओळखलंय, तेवढं सांगा.

झेंडूची_शेती

तालमीच्या मागे. गाडी आत जात नाही, पुलापाशी लावा.